पावगडचे ऊन आणि जमिनीचा खंड

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वीजनिर्मिती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कोयनेचे धरण उभे राहते, नाहीतर कोराडी-चंद्रपूरच्या उंच चिमण्या. धरणाला दरी लागते, औष्णिक केंद्राला कोळसा आणि पाणी लागते. सौर विजेला यांपैकी काहीच लागत नाही. तिचा कच्चा माल म्हणजे ऊन, आणि ते सर्वांना फुकट आहे. मात्र हे ऊन धरण्यासाठी एक गोष्ट मुबलक लागते आणि ती मात्र मुळीच फुकट नाही. ती म्हणजे जमीन. त्यामुळे सौर प्रकल्पाचा विचार केवळ विज्ञानाचा विषय म्हणून करून भागत नाही. तो जमिनीच्या अर्थशास्त्राचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात कर्नाटकातील पावगड येथील सौर उद्यानाच्या आधारे या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपल्या देशात राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले. त्या वेळी २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठरले होते. २०१५ मध्ये ते पाचपट करून १,००,००० मेगावॅट करण्यात आले. ठरलेल्या साली ते गाठता आले नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये देशाने तो टप्पा ओलांडला. एवढी वाढ होण्यास जी कारणे झाली त्यांत २०१४ च्या अखेरीस आलेली सौर उद्यानांची योजना हे एक महत्त्वाचे कारण होय. शासनाने एका ठिकाणी मोठी जमीन मिळवावी, रस्ते, उपकेंद्रे आणि वाहिन्या उभ्या कराव्यात आणि त्या तयार जागेत निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले संच बसवावेत, अशी ही कल्पना. औद्योगिक वसाहतीसारखीच म्हणा ना.

पावगड हा तुमकूर जिल्ह्यातील तालुका. नकाशात पाहिले तर तो कर्नाटकातून जणू बाहेर निसटलेला दिसतो, कारण त्याच्या तीन बाजूंना आंध्र प्रदेश आहे. लोक कन्नडइतकीच तेलुगूही बोलतात. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, माती तांबडी आणि हलकी, विहिरी खोल गेलेल्या आणि भूजलात फ्लोराइडचा दोष. उत्तर पिनाकिनी नदी तालुक्यातून जाते, पण बहुतेक काळ कोरडी असते. मुख्य पीक भुईमूग. पाऊस झाला तर शेंगा, नाही झाला तर बंगळूरची वाट. आपल्याकडे माण, खटाव, आटपाडी किंवा आष्टी-पाटोदा या भागांतील विद्यार्थ्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

या तालुक्यातील तिरुमणी, बळसमुद्र, वळ्ळूर, क्यातगानचेर्लू आणि रायचेर्लू या पाच गावांच्या शिवारात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. मार्च २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २०१९ च्या अखेरीस ते पूर्ण झाले. पूर्ण झाले तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होत होती. केंद्राचे सौर ऊर्जा महामंडळ आणि कर्नाटकाची अपारंपरिक ऊर्जा विकास संस्था यांनी मिळून स्थापलेल्या कंपनीने त्याचे काम पाहिले.

पण पावगडचे खरे वैशिष्ट्य आकारात नाही. तेथील बहुतांश जमीन शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली नाही किंवा संपादितही केलेली नाही. ती भाडेपट्ट्याने घेतली आहे. सुमारे २,३०० शेतकऱ्यांनी आपली जमीन पंचवीस वर्षांहून अधिक मुदतीसाठी दिली. एकरी दरसाल २१,००० रुपये खंड आणि दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ, असा ठराव झाला. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी ‘पहाणी’ असते. त्या पहाणीवर त्याचे नाव कायम राहिले.

ही गोष्ट लहान नाही. धरणे, कारखाने, महामार्ग यांसाठी जमीन गेलेल्या माणसाची आपल्याकडील कहाणी आपण ऐकत आलो आहोत. मोबदला एकदाच येतो, घर बांधण्यात, लग्नात आणि मोटारसायकलीत संपतो, आणि मग हाती ना जमीन राहते ना पैसा. पावगडच्या शेतकऱ्याला पाऊस पडो वा न पडो, दरवर्षी ठरलेली रक्कम मिळते. कोरडवाहू जमिनीच्या एका एकरातून, खर्च वजा जाता, खात्रीने २१,००० रुपये काढून दाखवील असा शेतकरी दुष्काळी भागात विरळाच. तेव्हा शेतकऱ्यांनी खुशीने जमिनी दिल्या यात नवल नाही, आणि त्यांना कोणी फसवले असे म्हणणेही बरोबर होणार नाही.

मग अडचण कोठे आहे? ती पाहण्यासाठी थोडा हिशेब करू.

सौर पॅनेलवर ऊन पडले की सिलिकॉनच्या पट्टीत एकाच दिशेने वाहणारी वीज तयार होते. ती इन्व्हर्टरमधून नेऊन घरात वापरतो तशा प्रत्यावर्ती विजेत बदलतात, रोहित्राने तिचा दाब वाढवतात आणि उपकेंद्रामार्गे उच्चदाब वाहिनीवर चढवतात. रात्री पॅनेल स्वस्थ असते, सकाळी-संध्याकाळी थोडेच काम करते, ढग आले की मंदावते. इतकेच नव्हे तर फार तापले तरीही त्याची क्षमता थोडी घटते. (ऊन जितके कडक तितकी वीज जास्त असा सर्वसाधारण समज आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो.) म्हणून वर्षाच्या ८,७६० तासांपैकी साधारण एक-पंचमांश तासच संच पूर्ण ताकदीने चालला असे धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने १ मेगावॅटपासून वर्षाला सुमारे साडेसतरा लाख युनिट वीज मिळते.

पावगडला १३,००० एकरांत २,०५० मेगावॅट, म्हणजे १ मेगावॅटला सव्वासहा एकरांच्या आसपास जमीन पडते. त्या जमिनीचा मूळ दराने वर्षाचा खंड होतो सुमारे १,३२,००० रुपये. आणि वीज? युनिटला ३ रुपये असा साधा दर धरला तरी साडेसतरा लाख युनिटांचे सुमारे साडेबावन्न लाख रुपये होतात. म्हणजे विजेच्या शंभर रुपयांतून जमिनीच्या धन्याकडे जातात अडीच रुपये. बाकीचे सगळे कंपनीच्या खिशात जातात असे मात्र कोणी समजू नये. मेगावॅटमागे काही कोटींचे भांडवल घालावे लागते, कर्जाचे व्याज असते, देखभाल असते. तरीसुद्धा ज्या वस्तूवाचून प्रकल्प उभाच राहू शकत नाही, त्या वस्तूचा वाटा शेकडा अडीच असावा, हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे.

दुसरा हिशेब महागाईचा. दोन वर्षांनी ५ टक्के वाढ म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांहूनही किंचित कमी. या दराने २० वर्षांनी एकरी खंड होईल सुमारे ३४,२०० रुपये. आकडा मोठा दिसतो. पण या काळात महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढली असे धरले, तर त्या ३४,२०० रुपयांत पहिल्या वर्षीच्या केवळ १२,९०० रुपयांइतकाच बाजार होईल. खंड वाढत जाईल आणि त्याची किंमत घटत जाईल. खताचे, औषधाचे आणि शाळेच्या फीचे दर दोन वर्षांनी ५ टक्क्यांवर थांबत नाहीत, हे सांगायला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. शिवाय खंड एकराच्या हिशेबाने असल्यामुळे ज्याच्याकडे तीस एकर त्याला वर्षाला सहा लाखांवर, आणि ज्याच्याकडे दीड एकर त्याला महिन्याकाठी २,६२५ रुपये. पूर्वी हा दीड एकरवाला आपल्या रानात राबून वर मोठ्या शेतकऱ्याच्या रानात मजुरीलाही जात होता. आता दोन्ही रानांवर काच आहे.

येथे कूळकायद्याची आठवण होते. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या काळी मालक मोठा आणि कूळ गरीब असे चित्र होते. पावगडला ते अगदी उलटे झाले आहे. मालक दोन-चार एकरांचे आणि कूळ मात्र शेकडो कोटींची कंपनी. अर्थशास्त्रात याला उलटी कूळवहिवाट म्हणता येईल. अशा व्यवहारात मालक हा शब्द कागदावर कितीही भारदस्त दिसला तरी वाटाघाटीचे बळ कुळाकडे असते. एकेकट्या शेतकऱ्याने दर वाढवून मागितला तर कोण ऐकणार?

तरीही जमीनधारकाला काही ना काही मिळाले. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पलीकडच्या माणसाचा आहे, ज्याचे नाव पहाणीवर नाही आणि सातबाऱ्यावरही नाही.

भुईमूग हे माणसांचे पीक आहे. पेरणी, एक-दोन खुरपण्या, उपटणी आणि मग शेंगा तोडणी. यांतले बहुतेक काम बाया करतात. शेंगा तोडण्याची मजुरी पुष्कळ गावांत पैशांऐवजी शेंगांच्या वाट्यात देतात; माझी आई असा वाटा पदरात बांधून आणते आणि वर्षाचे कूट त्यातूनच होते. उदाहरणापुरते असे धरू, की एकराला हंगामात ३० मजूरदिवस लागतात आणि १३,००० एकरांतील निम्मीच जमीन पेरली जात होती. तरीही होतात १,९५,००० मजूरदिवस. हा आकडा कोणत्याही अहवालातील नाही, मी धरलेला आहे. आणि दुष्काळाच्या वर्षी तो पुष्कळच खाली येईल, हेही मान्य. पण कमी-जास्त केला तरी तो शून्य होत नाही, आणि भाडेपट्ट्याच्या कागदावर मात्र तो शून्यच आहे.

प्रकल्पात रोजगार मिळतो असे उत्तर यावर दिले जाते. तो मिळतो, पण कसा ते पाहिले पाहिजे. बांधकाम चालू असताना खांब रोवणे, तारा ओढणे, पॅनेल चढवणे यांसाठी खूप माणसे लागतात, आणि हे काम दोन-तीन वर्षांत आटोपते. नंतर उरते ते पॅनेल पुसणे, गवत काढणे आणि पहारा. सौर संचाची थोरवी हीच की तो एकदा उभा राहिला की आपला आपण चालतो. त्याला ना चाके, ना भट्टी. अभियंत्याच्या दृष्टीने हा गुण आहे. शिवारात काम शोधणाऱ्या बाईच्या दृष्टीने हाच दोष आहे. पहाऱ्याला पुरुष लागतात, तांत्रिक कामाला आयटीआय झालेली मुले लागतात. खुरपे चालवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला तेथे काय काम मिळणार?

येथे कायद्याची एक गंमत आहे. गंमत कसली, विसंगतीच. २०१३ चा भूमिसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राहून तेथील शेतीवर पोट भरणारे भूमिहीन शेतमजूर आणि कुळे यांनाही बाधित मानले. संपादनाआधी सामाजिक परिणामांची पाहणी करण्याचे बंधनही घातले. हा मोठाच पालट होता. परंतु पावगडसारख्या व्यवहारात संपादनच होत नाही. दोन पक्ष खुशीने करार करतात, तेव्हा हा कायदा दाराबाहेरच थांबतो. पाहणी नाही, बाधितांची यादी नाही. सौर प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीही लागत नाही, म्हणून त्या निमित्ताने होणारी जनसुनावणीही नाही. म्हणजे जी पद्धत जमीनधारकाला संपादनापेक्षा बरी, तीच भूमिहीनाला कागदावरून पुसून टाकते.

मेंढपाळाचे तसेच. पीक निघाल्यावर शिवार मोकळे होते आणि त्यात मेंढरे चरतात, खत पडते, शेतकऱ्याचेही भले होते. ही वहिवाट कोठे नोंदलेली नसते. कुंपण पडले की ती संपली. भुईमुगाचा पाला हा जनावरांचा चांगला चारा, तोही गेला. पाण्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून ती धुवावी लागतात. आणि जेथे ऊन भरपूर तेथे धूळही भरपूर आणि पाणी तुटपुंजे. पाण्याशिवाय झाडणारी यंत्रे निघाली आहेत, ती अशा ठिकाणी सक्तीची करण्यास हरकत नसावी.

यावर कोणी म्हणेल, मग ओसाड जमीनच का घेत नाहीत? राजस्थानात भडला येथे तेच केले. थरच्या वाळवंटात सुमारे १४,००० एकरांवर २,२४५ मेगावॅटचे उद्यान आहे आणि जमीन बरीचशी सरकारी. पण महसुली दप्तरातील ‘पडीक’ या शब्दावर फार विसंबू नये. दप्तरात जी पडीक असते ती कोणाची तरी गुरे चारण्याची जागा असते. राजस्थानात देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राने आहेत, आणि सौर प्रकल्पांपासून ती वाचवण्यासाठी तेथील गावकऱ्यांनी आवाज उठवला आहे. थोडक्यात, रिकामी जमीन ही बहुधा कागदावरच रिकामी असते.

आता आपल्या राज्याकडे वळू. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. त्याच जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातील विखरण या गावची कथा मात्र वेगळी आहे. औष्णिक प्रकल्पासाठी सुरू झालेले तेथील संपादन पुढे सौर प्रकल्पाकडे वळले. पाच एकर जमिनीला सुमारे चार लाख रुपये मोबदला मिळालेल्या एका ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पावगडच्या भाडेपट्ट्याचे महत्त्व विखरणशेजारी ठेवले म्हणजे कळते. त्यावर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राने पुढे मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत भाडेपट्ट्याचाच मार्ग घेतला. ही योजना २०१७ ची. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात हेक्टरी दरसाल १,२५,००० रुपये खंड, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. पावगडपेक्षा दरही बरा आणि वाढही बरी. दुसरा फरक आकाराचा. येथे एका जागी हजारो एकर न घेता गावच्या उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प उभारायचे आणि त्या परिसरातील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, असा बेत आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला समजावून सांगणे कठीण. पावगडची वीज ग्रीडवरून दूर निघून जाते, इथली वीज त्याच शिवारात उतरते. हा फरक मला दराच्या फरकापेक्षाही मोठा वाटतो. परंतु मजुराचे नाव याही करारात कोठे येत नाही. त्यातल्या त्यात लहान प्रकल्पात पंधरा-वीस एकर जातात, गावचे सारे शिवार जात नाही, एवढाच दिलासा.

उपाय अगदी नाहीत असे नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काझरीने, पॅनेलच्या ओळींमधील मोकळ्या पट्ट्यांत मूग, मटकी यांसारखी कमी उंचीची पिके घेऊन पाहिली आहेत. पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून तेच पिकांना देण्याचीही सोय तेथे केली. ओळी थोड्या दूर ठेवाव्या लागतात, म्हणून मेगावॅटला जमीन जास्त लागते आणि कंपन्यांना ते परवडत नाही असे म्हणतात. पण ज्या जमिनीत दोन पिके निघतात, एक विजेचे व एक मुगाचे, तिचा हिशेब एकाच पिकाने का करावा? मेंढरे पॅनेलखाली चारता येतात. गवत काढण्याची मजुरीही वाचते. आणि विकलेल्या प्रत्येक युनिटमागे दोन-तीन पैसे ग्रामसभेकडे, केवळ भूमिहीन कुटुंबांसाठी, राखून ठेवण्याची अट लिलावातच घालता येईल. मेगावॅटला साडेसतरा लाख युनिट, युनिटला तीन पैसे, म्हणजे वर्षाला साडेबावन्न हजार रुपये. दोन हजार मेगावॅटला ही रक्कम साडेदहा कोटींवर जाते. तीन पैशांनी वीज महाग झाली असे कोणी म्हणणार नाही.

राहिला मुदत संपल्यानंतरचा प्रश्न. पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश झाला आहे आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तेव्हा काचेची विल्हेवाट कोणी लावायची ते निदान कागदावर ठरले आहे. पण जमीन परत घ्यायला जो येईल, तो ज्याने करारावर सही केली तो बहुधा नसेल. त्याचा मुलगा किंवा नातू असेल, ज्याने त्या रानात कधी तिफण धरली नाही. प्रकल्पासाठी जमीन सपाट करताना मधले बांध मोडलेले असतात. बांधावरची बाभूळ, कडुनिंब, दगडाची खूण, काहीच उरलेले नसते. आपले दीड एकर कोठून सुरू होते आणि भावकीचे कोठे संपते, हे त्याला तेथे उभे राहून सांगता येणार नाही. म्हणून करार करणाऱ्याने पहिल्या वर्षाचा खंड हाती येण्याआधी सरकारी मोजणी करून घ्यावी, आणि हद्दी-खुणांसह तिचा नकाशा करारालाच जोडावा.